ब्लूजची पाटी आणि लॉनी जॉन्सन

साहित्याचा इतिहास शिकवताना आम्हांला सर्वाधिक उपयोगी पडते ते वर्गीकरण, आणि सर्वाधिक फसवतेही तेच. संतकवी, पंतकवी, तंतकवी अशी वाटणी केली की काही शतकांचा पसारा दोन-तीन तासिकांत आवरता येतो. विद्यार्थ्यांना टिपणे उतरवून घेता येतात आणि प्रश्नपत्रिकेतला प्रश्नही नेटका बसतो. मग मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गाणारा, संस्कृत जाणणारा रामजोशी ‘लावणीकार’ या एका शब्दात संपतो आणि त्याची आम्हांला खंतही वाटेनाशी होते. कप्पा आधी तयार असतो, कवी मागाहून त्यात ठेवला जातो. परंतु काही पिढ्यांनंतर असे वाटू लागते की कवी जणू त्या कप्प्यासाठीच जन्माला आला होता.

साहित्यात असे कप्पे नेमके केव्हा आणि कोणी पाडले, हे दाखवणे अवघड असते. ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात मात्र ते पुष्कळदा सालवार दाखवता येते. कारण तेथे कप्पा म्हणजे कंपनीच्या सूचीतला एक क्रमांक असतो, तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला एक कागद असतो. म्हणूनच प्रस्तुत लेखात आम्ही लॉनी जॉन्सन या अमेरिकी कृष्णवर्णीय गायक-गिटारवादकाच्या कारकिर्दीकडे वळत आहोत. जॅझमधील गिटारवादनाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना जाणकार करतात. तरीही संग्रहालयांत आणि दुकानांत तो बहुधा ‘ब्लूज’ या पाटीखालीच सापडतो. ही पाटी त्याला कशी लागली, तिने त्याला काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावून घेतले, हा आमचा प्रश्न आहे.

जॉन्सनचा जन्म न्यू ऑर्लिन्सचा. तारीख ८ फेब्रुवारी. साल बहुतेक ठिकाणी १८९९ असे दिलेले असते, काही ठिकाणी त्याआधीचे. घरात सगळेच वाजवणारे. वडिलांचा तंतुवाद्यांचा ताफा होता आणि त्या ताफ्यात तो लहानपणापासून व्हायोलिन वाजवी. न्यू ऑर्लिन्स हे बंदराचे शहर. तेथे लग्नाला, नाचाला, अंत्ययात्रेला, सर्वच प्रसंगांना वाजवणारे लोक लागत आणि वादकाला ज्याचे जे मागणे असेल ते वाजवावे लागे. ‘मी अमुकच प्रकार वाजवतो’ असे म्हणणे त्या शहरातल्या पोटार्थी वादकाला परवडणारे नव्हते. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार १९१७ साली तो एका रंगमंचीय ताफ्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १९१९ साली परतला, तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या साथीने घर रिकामे झालेले होते. जेम्स हा एक भाऊ तेवढा उरला होता. पुढे दोघे भाऊ सेंट लुइस येथे येऊन राहिले. मिसिसिपी नदीवरून चालणाऱ्या नाचगाण्याच्या बोटींवर लॉनी वाजवू लागला. या बोटींवरचे संगीत वाद्यवृंदाचे होते, नाचासाठीचे होते. आज आपण ज्याला जॅझ म्हणतो त्याच्या घडणीत या बोटींचा वाटा मोठा आहे.

१९२५ साली सेंट लुइसच्या बुकर टी. वॉशिंग्टन नाट्यगृहात ब्लूज गायनाची एक स्पर्धा झाली. बक्षीस होते ‘ओके’ या तबकड्या काढणाऱ्या कंपनीशी करार. जॉन्सन स्पर्धेत उतरला, जिंकला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या कारकिर्दीला सुरुवात झाली. उत्तरायुष्यात या प्रसंगाबद्दल तो जे सांगे, त्याचा आशय असा : ध्वनिमुद्रणाची संधी मिळावी म्हणून आपण काहीही केले असते, स्पर्धा ब्लूजची निघाली म्हणून ब्लूज गायलो. आमच्या दृष्टीने या साध्या कबुलीत त्याच्या पुढच्या पंचेचाळीस वर्षांचे बीज आहे. ब्लूज त्याला येत नव्हते असे मुळीच नाही. ते त्याला येणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक होते. स्पर्धेने त्या अनेकांतून एक उचलले आणि कंपनीने ते तबकडीवर छापले.

कंपनीला ब्लूजच का हवे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२० साली ‘ओके’ कंपनीने मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे काढले. ते अनपेक्षितपणे प्रचंड खपले आणि कृष्णवर्णीय ग्राहक तबकड्या विकत घेतो, हा शोध कंपन्यांना लागला. त्यातून ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या, ही व्यापारी कोटी निर्माण झाली. ‘ओके’ने या तबकड्यांना ८००० पासूनचे क्रमांक दिले. पुढे दक्षिणेतील गोऱ्या ग्रामीण गायकांसाठी ४५००० पासूनची वेगळी मालिका काढली. एकाच गावात, कधी एकमेकांकडून शिकून, एकाच चालीवर गाणारे दोन गायक कातडीच्या रंगानुसार दोन क्रमांकांत गेले. कृष्णवर्णीयाने ब्लूज गावे, गोऱ्याने ग्रामीण गाणी गावीत, आणि शहरी प्रेमगीत गाण्याचा हक्क सहसा तिसऱ्याचाच, अशी वाटणी झाली. संगीताचे प्रकार म्हणून आपण आज जे मुकाट्याने स्वीकारतो, त्यांतील काही भेद बाजारपेठेच्या आखणीतून आलेले आहेत, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

१९२५ ते १९३२ या काळात जॉन्सनने ‘ओके’साठी सुमारे १३० गाणी मुद्रित केली. त्यांतील बहुसंख्य ब्लूज होती. ब्लूजचा रूढ बंध असा : पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, असे कडवे बारा आवर्तनांत बसते. पुनरुक्तीमुळे ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीची वाट पाहावी लागते, आणि कवीला ती ओळ जुळवायला उसंत मिळते. या बंधात जॉन्सनने विरह, फसवणूक, परगावचे एकटेपण हे विषय हाताळलेच. पण १९२७ साली मिसिसिपीला आलेल्या महापुरावरही गाणी केली. त्या पुरात बांध सावरण्यासाठी कृष्णवर्णीय मजुरांना सक्तीने राबवले गेले. १९२८ सालच्या त्याच्या ‘ब्रोकन लेव्ही ब्लूज’ या गाण्यातला निवेदक पोलिसांच्या धमकीपुढे मान तुकवत नाही. वाळूची पोती वाहायला तो नकार देतो आणि तुरुंग पत्करतो. दुःखाचे सरसकट गायन म्हणून ब्लूजची जी ओळख करून दिली जाते, ती असे गाणे ऐकल्यावर अपुरी वाटू लागते.

मात्र या गाण्यांहून वेगळी अशी त्याची दुसरी कामगिरी याच वर्षांत चालू होती. तत्कालीन वाद्यवृंदात गिटारला फारसे स्थान नव्हते. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या गदारोळात तिचा नाजूक आवाज ऐकूच येत नसे. ठेका धरायचे काम खणखणीत आवाजाच्या बॅन्जोकडे असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि मायक्रोफोनसमोर हळू आवाजाच्या वाद्यालाही जागा मिळू लागली. परंतु यंत्राने जागा दिली तरी ती भरायला भाषा लागते. ती भाषा जॉन्सनने व्हायोलिनवरून आणली. एकावेळी अनेक तारा छेडून ठेका देण्याऐवजी तो एकेका तारेवर स्वरांची सलग ओळ वाजवी. स्वर दाबून किंचित थरथरवी. गाणारा जसा श्वास घेतो तशी वाक्ये तोडी. गायकाच्या ओळीनंतर त्याची गिटार पोकळी भरून काढत नाही, प्रत्युत्तर देते.

डिसेंबर १९२७ मध्ये शिकागो येथे लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या संचाच्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला पाहुणा म्हणून बोलावण्यात आले. त्या वेळच्या तबकड्यांपैकी ‘हॉटर दॅन दॅट’ विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. मध्येच सगळी वाद्ये थांबतात. आर्मस्ट्राँग अर्थहीन अक्षरांनी गाऊ लागतो, आपल्या तराण्यासारखे. आणि साथीला उरते ती एकटी गिटार. आर्मस्ट्राँग मूळ लयीला छेद देणारी लयकारी करतो, गिटार ठेका ढळू देत नाही. मग दोघांचे सवाल-जवाब सुरू होतात. एकाने स्वरांचा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून परत करायचा. फडावरचे सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला हे नाते समजावून सांगावे लागत नाही. जॅझमध्ये गिटारला स्वतःचा आवाज आहे, हे ज्या तबकड्यांनी सिद्ध केले त्यांत हिची गणना करावी लागेल. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२८ मध्ये, तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर ‘द मूच’ आणि ‘हॉट अँड बॉदर्ड’ या रचनांत वाजवताना आढळतो.

याच सुमारास, १९२८-२९ मध्ये, एडी लँग या इटालियन वंशाच्या गोऱ्या गिटारवादकाबरोबर त्याने दहा युगुलवादने मुद्रित केली. बहुतांशी लँग आधार देतो आणि जॉन्सन वर विहार करतो. आपल्याकडच्या जुगलबंदीत कित्येकदा जी चढाओढ असते, तिचा येथे मागमूस नाही. दोघेही एकमेकांना वाट करून देतात. परंतु तबकडीवर लँगचे नाव नाही. तेथे छापले आहे ‘ब्लाइंड विली डन’. लँग आंधळा नव्हता आणि विलीही नव्हता. आंधळा कृष्णवर्णीय गायक ही ब्लूजच्या बाजारातली ओळखीची प्रतिमा होती, ती त्याच्यावर चढवण्यात आली. कारण गोरा आणि काळा एकत्र बसून वाजवतात, हे उघडपणे छापणे सोयीचे नव्हते. ‘रेस’ मालिकेत निघालेल्या या तबकड्यांवर एका गोऱ्या माणसाला काळे व्हावे लागले. वर्गीकरण टिकवण्यासाठी वस्तुस्थिती कशी वाकवली जाते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. आर्मस्ट्राँगच्या आणि एलिंग्टनच्या तबकड्यांवर मुख्य नाव अर्थातच त्यांचे होते. जॉन्सनचे नाव ठळकपणे झळकले ते मुख्यतः ब्लूजच्या तबकड्यांवर. इतिहासकार पुढे सूची हाती घेऊन बसला, तेव्हा त्याला जॉन्सन जॅझमध्ये पाहुणा आणि ब्लूजमध्ये यजमान दिसला. जॅझ गिटारच्या कथनात फ्रान्समधला जँगो राइनहार्ट आणि १९३९ साली बेनी गुडमनच्या संचात आलेला चार्ली ख्रिश्चन यांना ठळक स्थान मिळाले. ते उचितच आहे. पण त्यांच्याआधीचे प्रकरण बऱ्याचदा दोन ओळींत उरकले जाते.

तिसऱ्या दशकाअखेर आलेल्या आर्थिक मंदीने तबकड्यांचा धंदा बसला. १९३२ नंतर काही वर्षे जॉन्सनचे ध्वनिमुद्रण बंद पडले. कारखान्यांत मजुरी करत, जमेल तेथे वाजवत त्याने दिवस काढले. १९३७ पासून शिकागोत पुन्हा जम बसला. आधी ‘डेक्का’साठी, मग ‘ब्लूबर्ड’साठी तो गात राहिला. १९४७ साली तो सिनसिनाटीच्या ‘किंग’ या कंपनीकडे गेला आणि तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. १९४८ साली आलेले त्याचे ‘टुमॉरो नाइट’ हे गाणे ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘रेस रेकॉर्ड्स’ यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. हे गाणे ब्लूज नव्हे. सॅम कॉस्लो आणि विल ग्रॉझ यांनी १९३९ साली रचलेले ते एक मृदू, शहरी प्रेमगीत आहे. पन्नाशीला पोचलेला जॉन्सन ते अतिशय संथपणे, जवळजवळ कुजबुजत गातो. त्याच्या आयुष्यातले सर्वाधिक यश त्याला पाटीबाहेरच्या गाण्याने दिले, आणि तरीही ते मोजले गेले ‘रेस’ याच यादीत. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, ‘बिलबोर्ड’ने त्या यादीचे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव बदलले, कप्पा राहिला.

१९५२ साली त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गायन केले. त्याच मैफिलीत गायलेल्या टोनी डोनेगन या तरुणाने ‘लॉनी’ हे नाव घेतले, आणि पुढे या लॉनी डोनेगनच्या ‘स्किफल’ गाण्यांनी इंग्लंडमधली एक पिढी गिटारकडे वळली. मूळ लॉनी मात्र अमेरिकेत परतल्यावर विस्मृतीत गेला. १९५९ साली ख्रिस अल्बर्टसन या रेडिओ-निवेदकाला तो सापडला, तेव्हा तो फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलात झाडलोटीचे काम करत होता. कामावरच्या सहकाऱ्यांपैकी किती जणांना तो कोण हे माहीत असेल, कोण जाणे!

पुनर्शोधाच्या अशा कथा वाचकांना आवडतात, आम्हांलाही आवडतात. परंतु खरा पेच त्यानंतर सुरू होतो. त्या काळी लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची चळवळ अमेरिकेत आणि युरोपात जोरात होती. सुशिक्षित, बहुतांशी गोऱ्या तरुण श्रोत्यांना ‘अस्सल’ ब्लूज हवे होते : ग्रामीण, खडबडीत, विजेच्या वाद्याविना गायलेले. त्यांच्यासमोर आला तो नीटनेटक्या सुटातला, शहरी उच्चारांचा, विजेची गिटार जवळ करणारा एक वृद्ध गृहस्थ. आणि तो मधूनच जुनी प्रेमगीते गाऊ लागे. पुष्कळांचा विरस झाला. पूर्वी कंपनीने त्याला ब्लूजमध्ये बसवले ते व्यापारासाठी. आता रसिकांनी बसवले ते प्रेमापोटी. जॉन्सनने वाद घातला नाही, पण माघारही घेतली नाही. १९६० साली जुना वादक एल्मर स्नोडन याच्या साथीने त्याने जी तबकडी काढली, तिचे नाव ‘ब्लूज अँड बॅलड्स’ असे आहे. त्या नावातल्या ‘अँड’ या शब्दात त्याची सारी भूमिका आली, असे आम्हांला वाटते.

तुलनेसाठी रॉबर्ट जॉन्सनचे उदाहरण घ्यावे. हा मिसिसिपीचा तरुण गायक. लॉनीचा नातलग नव्हे, पण त्याच्या तबकड्या ऐकून शिकलेला. त्याच्या काही गाण्यांवर लॉनीची छाप स्पष्ट आहे. तो १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची मुद्रित गाणी अवघी २९. १९६१ साली ‘कोलंबिया’ने त्यांचा संग्रह काढल्यावर तो ब्लूजचा महापुरुष ठरला; त्याने सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथाही रुजली. रॉबर्टच्या प्रतिभेबद्दल शंका नाही. परंतु अल्पायुषी, ग्रामीण, गूढ अशा कलावंताभोवती आख्यायिका सहज उभी राहते. चाळीस वर्षांहून अधिक काळ सचोटीने व्यवसाय करणाऱ्या, शेकडो गाणी मुद्रित करणाऱ्या आणि मागणीनुसार सर्व काही उत्तम गाणाऱ्या कलावंताची आख्यायिका होत नाही. वाङ्मयेतिहासातही व्यावसायिक सातत्याला आपण किती गुण देतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो विचारात घेतला पाहिजे. ब्लूजची पाटी नसती, तर जॉन्सनला ध्वनिमुद्रणाची संधीच मिळाली नसती. ‘रेस’ मालिका कितीही अन्यायकारक असली तरी तिच्यामुळेच कृष्णवर्णीयांचे आवाज टिकले. अन्यथा ते हवेत विरले असते. हे खरे आहे. दुसरे असे की, ‘तो वस्तुतः ब्लूजवाला नव्हे, जॅझवाला होता’ असे म्हणणे ही दुरुस्ती नव्हे. त्यात ब्लूज खालचे आणि जॅझ वरचे हे गृहीत लपलेले असते, आणि एक पाटी काढून दुसरी लावण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून आमचा आग्रह पाटी काढण्याचा नाही. ती कोणी, कधी आणि कशासाठी लावली, हे तिच्याशेजारी लिहून ठेवण्याचा आहे.

हा आग्रह आम्ही आधी स्वतःला लागू करतो. अण्णा भाऊ साठे यांच्या नावाआधी ‘लोकशाहीर’ हे बिरुद लावल्याशिवाय आमच्या वर्गात त्यांचा उल्लेख होत नाही. ते बिरुद त्यांनी लोकांमध्ये उभे राहून मिळवलेले आहे, त्याचा मान आहेच. परंतु तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाला ‘लोक’ या उपसर्गाने एकदा ओळखले की, त्याच्या कादंबरीची रचना, निवेदन, कालभान यांविषयीचे प्रश्न आम्ही विचारीत नाही. ‘फकिरा’वरचा प्रश्न बंडखोरीवर येतो, कथनतंत्रावरचा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या कादंबरीसाठी राखून ठेवलेला असतो. आमच्या जुन्या टिपणवह्या चाळताना हे आम्हांला आमच्याच हस्ताक्षरात दिसले. अण्णा भाऊ आणि जॉन्सन यांच्यात बाकी काही साम्य शोधण्याचा आमचा हेतू नाही. आदराने लावलेली पाटीही वाचनाला कुंपण घालू शकते, एवढेच दाखवायचे आहे.

जॉन्सनची अखेरची वर्षे कॅनडात, टोरांटो येथे गेली. १९६५ साली तो तेथे गेला आणि रमला. मार्च १९६९ मध्ये पदपथावर असताना एका मोटारीने त्याला धडक दिली; त्यातून तो पुरता सावरला नाही, पुढे पक्षाघातही झाला. फेब्रुवारी १९७० मध्ये मॅसी हॉलमधल्या एका मैफिलीत त्याला रंगमंचावर आणण्यात आले. गिटार वाजवणे आता शक्य नव्हते. तरुण बडी गाय याने साथ केली आणि तो गायला. श्रोत्यांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. १६ जून १९७० रोजी तो वारला.

‘टुमॉरो नाइट’ मात्र फिरत राहिले. एल्व्हिस प्रेस्लीने ते १९५४ साली तरुणपणीच गाऊन ठेवले होते. बॉब डिलनने १९९२ साली आपल्या संग्रहात घेतले. साठच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये जॉन्सनने आपल्याला वादनाची एक पद्धत दाखवली होती, असे डिलनने २००४ सालच्या आत्मकथनात नमूद केले आहे. लोकगीताच्या चळवळीतून आलेला डिलन, रॉकचा मानला गेलेला प्रेस्ली आणि ब्लूजचा ठरवलेला जॉन्सन हे तिघे एका प्रेमगीतापाशी एकत्र येतात. येत्या सत्रात ‘फकिरा’ शिकवायला घेऊ, तेव्हा फळ्यावर लेखकाचे नाव लिहिताना त्याआधी काय लिहायचे, यावर आम्ही दोनदा विचार करू.